९७ ई-मेल आले, पण कुणी हललं नाही: सर्व्हरचे अलर्ट नेमके कुठे फसतात?

१ ऑगस्ट २०१२, बुधवार. न्यूयॉर्कचा शेअर बाजार सकाळी साडेनऊला उघडणार होता. त्याआधी, आठच्या सुमारास, नाइट कॅपिटल या बड्या ट्रेडिंग कंपनीच्या सिस्टिममधून आपोआप ई-मेल सुटायला लागले. बाजार उघडेपर्यंत कंपनीतल्या लोकांच्या इनबॉक्समध्ये असे ९७ ई-मेल जाऊन पडले होते. सगळ्यांत एकाच गडबडीचा उल्लेख होता: 'पॉवर पेग डिसेबल्ड'.

झालं असं होतं की, कंपनीने आपल्या ८ सर्व्हरवर नवा कोड चढवायला घेतला आणि त्यातला एक सर्व्हर राहून गेला. त्या एका सर्व्हरवर २००३ पासून वापरात नसलेला 'पॉवर पेग' नावाचा जुना कोड तसाच पडून होता. बाजार उघडला, जुना कोड जागा झाला आणि ऑर्डरमागून ऑर्डर सोडत सुटला. ४५ मिनिटांत १५४ शेअर्समध्ये ४० लाखांहून जास्त सौदे झाले आणि तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर गेला. पुढच्याच वर्षी ही कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

अमेरिकेची बाजार नियामक संस्था एसईसीने २०१३ मध्ये या प्रकरणाचा आदेश काढला. त्यात या ९७ ई-मेलबद्दल एक वाक्य आहे, त्याचा मथितार्थ असा: हे ई-मेल धोक्याचा इशारा म्हणून बनवलेलेच नव्हते आणि कर्मचारी ते सहसा वाचतही नव्हते.

थोडक्यात, सर्व्हरने बोंब मारली होती. पण ती बोंब कुणासाठी आहे, हे कुणीच ठरवलेलं नव्हतं.

तुम्ही यूपीआय करता, रेल्वेचं तिकीट काढता, रील्स बघता. या सगळ्यामागे हजारो सर्व्हर रात्रंदिवस चालू असतात. त्यांच्यावर लक्ष ठेवायला वेगळी सॉफ्टवेअर असतात, आणि ती चालवणारी माणसंही. यातलं सॉफ्टवेअर बसवणं हे सोपं काम. अलर्ट लावणं मात्र डोकं खाणारं काम आहे. ते का, हे जरा नीट बघू.

सर्व्हरवर नजर ठेवायची म्हणजे काय करायचं?

यात दोन गोष्टी येतात. पहिली म्हणजे नाडी बघणं. प्रोसेसरवर किती ताण आहे, मेमरी किती उरली, डिस्क किती भरली, वेबसाइट उत्तर देतेय का, हे दर मिनिटाला किंवा त्याहून लवकर तपासायचं. यासाठी नागिओस (१९९९ मध्ये हे 'नेटसेंट' नावाने आलं), लॅटव्हिया देशातून आलेलं झॅबिक्स, किंवा २०१२ मध्ये साउंडक्लाउड कंपनीत सुरू झालेलं प्रोमिथियस अशी सॉफ्टवेअर जगभर वापरली जातात. तिन्ही ओपन सोर्स आहेत, म्हणजे फुकट उतरवून घेता येतात.

दुसरी गोष्ट म्हणजे लॉग वाचणं. सोसायटीच्या गेटवर वॉचमनकडे रजिस्टर असतं ना? कोण आलं, किती वाजता, कुणाकडे. तसंच रजिस्टर प्रत्येक सर्व्हर स्वतःचं ठेवतो. विंडोजमध्ये त्याला 'इव्हेंट लॉग' म्हणतात आणि प्रत्येक प्रकारच्या घटनेला ठरलेला क्रमांक असतो. लिनक्सच्या जगात 'सिसलॉग' चालतो. एरिक ऑलमन या प्रोग्रामरने १९८० च्या दशकात ई-मेल पाठवणाऱ्या सेंडमेल या सॉफ्टवेअरसाठी तो बनवला आणि पुढे तो सगळीकडे पसरला. त्यात गांभीर्याच्या ० ते ७ अशा आठ पायऱ्या आहेत. गंमत म्हणजे ० सर्वांत वाईट आणि ७ सर्वांत किरकोळ, त्यामुळे नवखा माणूस पहिल्या दिवशी हमखास उलटं वाचतो.

हजारो नोंदींमधून कामाची कोणती?

विंडोजचे काही क्रमांक ॲडमिन लोकांना पाढ्यांसारखे पाठ असतात. ४६२५ म्हणजे लॉगिनचा प्रयत्न फसला. ४७४० म्हणजे खातं लॉक झालं. ४७२० म्हणजे नवं खातं तयार झालं. ७०४५ म्हणजे मशीनवर नवी सर्व्हिस बसवली गेली. ६००८ म्हणजे मागच्या वेळी मशीन नीट बंद न होता धाडकन बंद पडलं. आणि ११०२. हा दिसला की आधी हातातला चहा खाली ठेवायचा, कारण त्याचा अर्थ कुणीतरी सिक्युरिटी लॉगच पुसला आहे. वॉचमनच्या रजिस्टरची पानं कुणी फाडली, तर का फाडली हे त्याच मिनिटाला विचारायला हवं.

म्हणून ११०२ एकदा जरी आला तरी अलर्ट लावतात. ४६२५ चं तसं नाही. सोमवारी सकाळी दहा वाजता ऑफिसात दहा-बारा जण पासवर्ड चुकवणारच. प्रत्येक चुकीला मेसेज पाठवला तर दुपारपर्यंत त्या मेसेजचा रंगही कुणी बघणार नाही. इथे मोजणी लागते: एकाच ठिकाणाहून पाच मिनिटांत पन्नास वेळा ४६२५ आला तर कळव. आणि त्या पन्नासानंतर लगेच ४६२४, म्हणजे लॉगिन यशस्वी झाल्याची नोंद आली, तर मेसेज नको, थेट फोन कर.

नाडीच्या आकड्यांनाही हाच न्याय लागतो. प्रोसेसर एका क्षणासाठी ९५ टक्क्यांवर गेला तर काही बिघडत नाही, तो त्याचं कामच करतोय. सलग दहा मिनिटं तिथेच राहिला तर बघायला हवं. डिस्क ९० टक्के भरल्यावर अलर्ट लावला, तर तो मिटायची रेघ ८५ वर ठेवायची. नाहीतर डिस्क ८९ आणि ९० च्या मध्ये झोके घेत राहते आणि तुमचा फोन रात्रभर टणटण वाजत राहतो. नेटवर्कचा एक स्विच बंद पडल्यामुळे त्यामागचे ४० सर्व्हर दिसेनासे झाले, तर ४१ मेसेज नकोत, स्विचचा एकच हवा. झॅबिक्स आणि प्रोमिथियस दोन्हींमध्ये अशी अवलंबनं सांगायची सोय आहे. ती वापरायला मात्र कुणाला वेळ नसतो.

छोट्या ऑफिसात एवढा पसारा नसेल तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्येच एखाद्या नोंदीवर राइट क्लिक करून 'अटॅच टास्क टू धिस इव्हेंट' हा पर्याय निवडता येतो. ती नोंद पुन्हा आली की ठरवलेलं काम आपोआप चालतं. तिथला 'ई-मेल पाठवा' हा पर्याय मायक्रोसॉफ्टने विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ पासून मोडीत काढलाय, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका. ई-मेलसाठी छोटी पॉवरशेल स्क्रिप्ट जोडावी लागते.

बंगळुरूने सांगितलं होतं

जास्त अलर्ट आले की काय होतं, याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतली टार्गेट ही दुकानांची साखळी. २०१३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, ऐन ख्रिसमसच्या खरेदीत, तिथून सुमारे ४ कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीला गेली. 'ब्लूमबर्ग बिझनेसवीक'ने मार्च २०१४ मध्ये दिलेल्या वृत्तानुसार, कंपनीने बसवलेल्या सुरक्षा यंत्रणेने हल्ला ओळखला होता. ती यंत्रणा बघणारी टीम आपल्या बंगळुरूमध्ये बसत होती. तिने ३० नोव्हेंबरला मिनियापोलिसमधल्या मुख्यालयाला कळवलंही होतं. पुढे काही झालं नाही. घातक सॉफ्टवेअर आपोआप पुसून टाकण्याची सोयही बंद ठेवलेली होती.

कंपनीने नंतर मान्य केलं की अलर्ट पाहिला गेला होता, पण त्यावर लगेच काही करायची गरज नाही असं ठरवलं गेलं.

इथे त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला शिव्या देणं सोपं आहे. पण मोठ्या कंपनीत असे इशारे ढिगाने येतात आणि त्यातले बहुतेक खोटे निघतात. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण शाळेत ऐकली. फरक एवढाच की, इथे ओरडणारा पोरगा खोडकर नाही, त्याला तसंच कॉन्फिगर केलंय. म्हणून जाणते ॲडमिन प्रत्येक अलर्टला एकच प्रश्न विचारतात: हा वाजल्यावर कुणी उठून नेमकं काय करायचंय? उत्तर नसेल तर तो अलर्ट नाही, ती नुसती माहिती आहे. ती डॅशबोर्डवर बसू दे, फोनवर नको.

आणि वाट बघितली तो निरोप निघालाच नाही तर?

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीत डेटाबेसची अडचण सोडवताना एका इंजिनिअरने चुकून भलत्याच सर्व्हरवरचा, म्हणजे मुख्य डेटाबेसचा फोल्डर उडवला. ३०० जीबीच्या आसपास डेटा क्षणात गेला. हरकत नाही, बॅकअप आहे ना? बघायला गेले तर बॅकअपची जागा रिकामी. बॅकअप घेणारं टूल डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीचं होतं आणि ते रोज गुपचूप फसत होतं.

फसलं की ई-मेल जाईल अशी सोयही होती. पण त्या ई-मेलवर पाठवणाऱ्याची खातरजमा करणारी सही नव्हती, त्यामुळे समोरचा मेल सर्व्हर ते नाकारत होता. म्हणजे बॅकअप बंद, तो बंद असल्याचा निरोप बंद, आणि सगळे निवांत. सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी योगायोगाने काढलेली एक प्रत सापडली म्हणून कंपनी वाचली. तरी त्या सहा तासांतला डेटा गेलाच. एक मात्र मानायला हवं: त्यांनी काही लपवलं नाही. दुरुस्तीचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं आणि नंतर चुकांची पूर्ण यादी स्वतःच छापली.

एक्विफॅक्सची गोष्ट याच जातीची. अमेरिकेतल्या या क्रेडिट कंपनीत २०१७ च्या मे ते जुलैमध्ये चोर शिरलेले होते. येणाजाणारा डेटा तपासणारं एक उपकरण तिथे होतं, पण त्याच्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपलेली, त्यामुळे ते आंधळं झालं होतं. २९ जुलैला नवं प्रमाणपत्र टाकलं आणि संशयास्पद हालचाल लगेच दिसली. तोपर्यंत सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती बाहेर गेली होती.

यावर उपाय आहे, आणि तो जुन्या चौकीदारांना ठाऊक होता. रात्री 'जागते रहो' ही हाक ऐकू आली नाही, की गाव जागं व्हायचं. मॉनिटरिंगमध्येही तसंच करतात. बॅकअप फसला तर मेसेज पाठव, असं न सांगता, बॅकअप झाला की रोज हजेरी लाव असं सांगायचं. सकाळी सहापर्यंत हजेरी लागली नाही तर दुसऱ्या मशीनने ओरडायचं. झॅबिक्समध्ये यासाठी 'नोडेटा' आणि प्रोमिथियसमध्ये 'ॲब्सेंट' अशी फंक्शन आहेत.

शांततेचा एक महागडा नमुना तर पुण्यातलाच. ११ ऑगस्ट २०१८ ला कॉसमॉस बँकेच्या बनावट कार्डांवर २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत सुमारे ८० कोटी रुपये निघाले, आणि १३ तारखेला आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला वळवले गेले. हल्लेखोरांनी मधल्या मधे बनावट स्विच उभा केला होता. पैसे द्यायचे का, ही विचारणा बँकेच्या मुख्य सिस्टिमपर्यंत पोहोचतच नव्हती, 'हो' हे उत्तर परस्पर मिळत होतं. जी घटना रजिस्टरमध्ये आलीच नाही तिच्यावर अलर्ट लावता येत नाही. तिथे दोन वेगळी रजिस्टरं सतत ताडून पाहावी लागतात: एटीएम नेटवर्क म्हणतं इतके व्यवहार झाले, बँकेची सिस्टिम म्हणते तितके, आणि फरक दिसला की घंटा.

भारतातला नियम काय सांगतो?

२८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने निर्देश काढले. कंपन्यांनी आपल्या सिस्टिमचे लॉग चालू ठेवायचे आणि मागच्या १८० दिवसांचे जपून ठेवायचे, ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या, आणि सर्व सर्व्हरची घड्याळं ठरवून दिलेल्या प्रमाण वेळेशी जुळवून ठेवायची. घड्याळाचा मुद्दा क्षुल्लक वाटेल. पण चोर एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर गेला आणि दोन्ही घड्याळांत सात मिनिटांचा फरक असेल, तर रजिस्टरप्रमाणे तो आधी बाहेर पडला आणि मग आत आला असं दिसतं.

१८० दिवसांचा नियम पाळायचा तर नुसत्या डीफॉल्ट सेटिंगवर भागत नाही. विंडोजचे सिस्टिम आणि ॲप्लिकेशन लॉग साधारण २० एमबीचे असतात आणि भरले की जुन्या नोंदी पुसून नव्या लिहितात. गजबजलेल्या सर्व्हरवर इतकी जागा बघता बघता भरते. म्हणून लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवत राहायचे. त्याचा आणखी एक फायदा: चोराने इथलं रजिस्टर फाडलं तरी तिथली प्रत शिल्लक राहते.

मेसेजमध्ये काय लिहावं?

'सर्व्हर ०७: क्रिटिकल'. रात्री तीनला असा मेसेज आला तर माणूस काय करणार? त्याऐवजी हे बघा: 'बिलिंगचा डेटाबेस सर्व्हर. डिस्क ९२ टक्के, या वेगाने ४० मिनिटांत भरेल. भरल्यास पावत्या निघणं थांबेल. आधी जुने लॉग हलवा, पायऱ्या अमुक पानावर.' झोपेतून उठलेल्यालाही कळेल. आणि त्याने दहा मिनिटांत 'पाहिलं' असं दाबलं नाही तर दुसऱ्याला फोन, मग तिसऱ्याला. ही साखळी लिहून ठेवायची, आणि नोकरी सोडून गेलेल्यांची नावं तिच्यातून काढायची. हे दुसरं काम बहुतेक ठिकाणी राहून जातं.

साखळी खरंच चालते का, हे तपासायला टेस्टिंगचं महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. रविवारी रात्री, टीममधल्या एकालाच सांगून, एक खोटा बिघाड करायचा आणि घड्याळ लावून बसायचं: पहिला फोन कुणाला येतो, आणि तो उचलायला किती मिनिटं लागतात.