जामखेडची बारी

१७९५ सालीं मराठ्यांनीं निजामास जेथें नमविलें तें खर्डा, आणि अहिल्याबाई होळकरांचें जन्मगांव चौंडी, हीं दोन्ही जामखेड तालुक्यांतलीं. संगमनेरचा शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) या दोहोंशीं जोडला जावा, हा मौजेचा योग होय. खर्ड्याच्या लढाईवर त्यानें पोवाडा रचला. आणि अहिल्याबाईंच्या उपदेशानें तमाशा सोडून तो कीर्तनाकडे वळला, अशी आख्यायिका आहे.

लावणीस दुसऱ्या बाजीरावानें उदार आश्रय दिला. १८१८ त पेशवाई बुडाली नि तो तुटला. पुढें ढोलकीच्या फडांत वग आला, लय चढली. बैठकीची लावणी मात्र संगीत बारींत राहिली. तेथें पेटी-तबल्याच्या साथीनें गायिका एकच ओळ पुनःपुन्हां घोळविते आणि दर खेपेस तिचा निराळा अर्थ नुसत्या डोळ्यांनीं दाखविते. या विद्येस कित्येक वर्षें द्यावीं लागतात. आम्हीं सुशिक्षितांनीं शाहिरांचीं कवनें छापून संग्रहीं ठेविलीं. तीं गाणाऱ्या स्त्रियांचीं नांवें क्वचितच टिपलीं.

जामखेडच्या कलाकेंद्रांतून बारी आजहि बसते. पुष्कळदां समोरचा रसिक सिनेमांतल्या गाण्याची फर्माईश करतो, आणि जुनी लावणी मुखोद्गत असलेली गायिका तें गाणें गाते.