हॅम्बुर्गचे एल्बफिलहार्मोनी संगीतगृह

जर्मनीतील हॅम्बुर्ग बंदरात एल्ब नदीच्या काठी उभे असलेले एल्बफिलहार्मोनी हे पाश्चात्त्य अभिजात संगीतासाठी बांधलेले आधुनिक संगीतगृह आहे. ११ जानेवारी २०१७ रोजी त्याचे उद्‌घाटन झाले. वास्तूची उंची ११० मीटर असून मुख्य सभागृहात सुमारे २,१०० आसने आहेत. उत्तर जर्मन प्रसारण संस्थेचा वाद्यवृंद येथे स्थायिक आहे.

१९६० च्या दशकातील विटांच्या एका गोदामावर ही काचेची इमारत उभारण्यात आली. या गोदामात पूर्वी कोको, चहा व तंबाखू साठविला जाई. हेर्झोग आणि द म्यूरॉन या स्वित्झर्लंडच्या वास्तुरचनाकारांनी गोदामाच्या बाहेरील भिंती कायम ठेवून वर लाटांच्या आकाराचे छत योजले. गोदाम व नवी इमारत यांच्या मध्ये, ३७ मीटर उंचीवर, प्रशस्त सज्जा आहे. मैफलीचे तिकीट नसलेल्यांनाही तेथून बंदर पाहता येते.

बंदरातील आवाज आत येऊ नये म्हणून मुख्य सभागृह पोलादी स्प्रिंगांवर पेलले आहे. ध्वनिरचना जपानचे यासुहिसा टोयोटा यांची आहे. भिंतींवरील सुमारे १०,००० जिप्सम फलकांवर लहानमोठे खळगे कोरलेले असून त्यांमुळे ध्वनी सर्वत्र विखुरतो. श्रोते रंगमंचाच्या चारही बाजूंना बसतात आणि कोणीही संचालकापासून ३० मीटरपेक्षा दूर नसतो. या मांडणीची मर्यादाही दिसून आली आहे. जानेवारी २०१९ मध्ये गायक योनास काउफमान यांच्या मैफलीत, त्यांच्या पाठीमागे बसलेल्या श्रोत्यांनी गाणे ऐकू येत नसल्याची तक्रार केली होती.

या प्रकल्पावर सर्वाधिक टीका झाली ती खर्चावरून. बांधकाम २००७ मध्ये सुरू झाले व ते २०१० मध्ये पूर्ण होणे अपेक्षित होते. तथापि वादांमुळे काम दीर्घकाळ रखडले. शहराच्या तिजोरीवरील भार सुरुवातीच्या ७ कोटी ७० लाख युरोंच्या अंदाजावरून ७८ कोटी ९० लाख युरोंवर गेला. विधिमंडळाच्या समितीमार्फत याची चौकशीही झाली.

उद्‌घाटनाच्या मैफलींची १,००० विनामूल्य तिकिटे सोडतीद्वारे देण्यात आली. त्यासाठी दोन लाखांहून अधिक अर्ज आले होते.