विजेची मोटार : स्वार्थ आणि परमार्थ

बुलढाणा हें गांव घाटमाथ्यावर वसलेलें आहे. इंग्रजांनीं जिल्ह्याचें मुख्य ठाणें येथें ठेवलें त्यांत येथील थंड हवेचा वांटा मोठा होता. मलकापूर, नांदुरा, शेगांव, खामगांव हीं व्यापाराचीं गांवें मात्र खालीं पयनघाटांत राहिलीं. मलकापुराकडे जाणारा रस्ता राजूरच्या घाटानें उतरतो. विजेच्या मोटारीनें हा घाट उतरतांना एक मौज अनुभवास येते. पाय सैल सोडला कीं चाकेंच यंत्रास फिरवूं लागतात आणि बॅटरींत थोडी वीज परत जमा होते. चढतांना जें खर्चिलें त्याचा कांहीं अंश उतरतांना पदरीं पडतो.

असा हिशेब मध्यम स्थितींतील गृहस्थास आवडावा हें साहजिकच आहे. पण तुम्हीं ही मोटार कां घेतली, असें विचारलें तर उत्तरें दोन मिळतात. पेट्रोलचा खर्च वांचतो, हें पहिलें. आणि हवा बिघडत नाहीं, पुढच्या पिढीचें आपण कांहीं देणें लागतों, हें दुसरें. पहिलें उत्तर घरांत देण्याचें व दुसरें चारचौघांत देण्याचें, असें कोणी म्हणेल. या दोहोंपैकीं खरें कोणतें, याचा निवाडा मनुष्याच्या मनांत शिरून करतां येणार नाहीं. वाहनांच्या इतिहासांत डोकावून मात्र तो बराचसा करतां येईल.

प्रथम आपल्याच जिल्ह्याकडे पाहूं. 1853 सालीं निजामानें वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवालीं केलें, त्या काळीं येथला कापूस बैलांच्या पाठीवर व गाड्यांतून शेंकडों मैल जात असे. पुढें 1861 पासून 1865 पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची दृष्टि वऱ्हाडाकडे वळली. मुंबईहून निघालेली आगगाडी मलकापूर, शेगांववरून 1867 सालीं नागपुरास पोंचली. मुख्य मार्गापासून आठ मैल बाजूला राहिलेल्या खामगांवच्या कापूस-पेठेकरितां जलंबहून स्वतंत्र फांटा काढण्यांत आला व तो 1870 सालीं सुरू झाला. हा फांटा कोणी लोककल्याणाचें व्रत म्हणून बांधला नाहीं. तो बांधला गेला कापसाच्या गांठींसाठीं. तथापि एकदां रूळ पडल्यावर त्यांवरून यात्रेकरू गेले, विद्यार्थी गेले, दुष्काळांत धान्यहि आलें. वाहन स्वार्थानें आलें, आणि परमार्थ त्याच्या मागच्या डब्यांत बसून आला.

खुद्द विजेच्या मोटारीचा पूर्वेतिहास याहून बोधप्रद आहे. ही मोटार नवी आहे, असा सार्वत्रिक समज दिसतो. वस्तुतः ताशीं शंभर किलोमीटरांची मर्यादा प्रथम ओलांडणारी मोटार विजेचीच होती. कामिय जेनात्झी या बेल्जियन गृहस्थानें ती 1899 सालीं पॅरिसजवळ हांकली. 1900 च्या सुमारास अमेरिकेंतील कारखान्यांत पेट्रोलच्या मोटारींहून विजेच्या मोटारी अधिक बनत. लोक त्या घेत त्या सोयीसाठीं: धूर नाहीं, खडखडाट नाहीं, आणि दांडा फिरवून यंत्र चालू करण्याची यातायात नाहीं. पेट्रोलच्या मोटारींवर ज्यांनीं अपार संपत्ति मिळविली त्या हेन्री फोर्ड यांच्या पत्नी स्वतः विजेची मोटार वापरीत. पुढें 1912 सालीं कॅडिलॅक मोटारीस विजेनें चालू होणारें यंत्र बसलें, दांड्याचा त्रास गेला, पेट्रोल स्वस्त होतेंच. आणि विजेची मोटार हळूहळू रस्त्यावरून नाहींशी झाली. तिला सोयीनें आणलें होतें, सोयीनेंच घालविलें. गंमत अशी कीं, घोड्यांच्या लिदीनें त्रासलेल्या मोठ्या शहरांना त्या वेळीं मोटार, मग ती पेट्रोलची कां असेना, स्वच्छतेचें साधनच वाटत होती.

सोयीप्रमाणें सक्तीचाहि अनुभव आपल्याकडे येऊन गेला आहे. दुसऱ्या महायुद्धांत 1941 पासून हिंदुस्थानांत पेट्रोलवर नियंत्रण आलें. तेव्हां अनेक प्रवासी मोटारींच्या पाठीशीं लोणारी कोळशाची भट्टी बसली आणि तिच्या वायूवर त्या कशाबशा घाट चढूं लागल्या. जपानांतहि तेलाच्या टंचाईमुळें 1947 सालीं ‘तामा’ नांवाची विजेची मोटार निघाली. पेट्रोल पुन्हां मिळूं लागतांच दोन्ही साधनें मागें पडलीं. टंचाईनें लावलेली संवय टंचाईबरोबरच जाते.

हवेच्या शुद्धतेचें कारण या कथेंत फार उशिरां आलें. कॅलिफोर्नियानें 1990 सालीं कारखानदारांवर धूरविरहित मोटारी विकण्याचें बंधन घातलें, तेथून तें ठळकपणें दिसूं लागतें. आपल्याकडे 2001 सालीं बंगळूरच्या चेतन मैनी यांनीं ‘रेवा’ ही लहानशी विजेची मोटार बाजारांत आणली. येथें तिचा खप बेताचाच झाला. पण लंडनमध्यें तिला गिऱ्हाईक मिळालें. कारण 2003 पासून लंडनच्या मध्यभागीं मोटार नेण्यास जो कर बसला, तो विजेच्या मोटारीस माफ होता! पुण्याजवळ रांजणगांव येथें बनणारी टाटांची ‘नेक्सॉन’ 2020 सालीं विजेवर निघाली, आणि विजेची मोटार सामान्य कुटुंबाच्या विचाराच्या कक्षेंत आली. महाराष्ट्र सरकारनें 2018, 2021 व 2025 सालीं यासंबंधीं धोरणें जाहीर केलीं. त्यांपैकीं शेवटच्या धोरणानें समृद्धि महामार्गावर विजेच्या मोटारींचा पथकर माफ केला. हा मार्ग मेहकर व सिंदखेड राजा या आपल्याच तालुक्यांतून जातो. शहाणें सरकार लोकांना परमार्थाचा उपदेश करीत बसत नाहीं, तर परमार्थाच्या वाटेवर स्वार्थाची पेठ मांडतें, हेंच लंडनच्या व येथील उदाहरणांवरून दिसतें.

आतां आजचा हिशेब मांडूं. पेट्रोल लिटरला शंभर रुपयांवर आहे आणि लहान मोटार लिटरला पंधरा-सोळा किलोमीटर जाते; म्हणजे किलोमीटरला सहा-साडेसहा रुपये. विजेची मोटार एका युनिटांत सहा-सात किलोमीटर जाते. घरची वीज दहा रुपये युनिट धरली तरी खर्च दीड रुपयाच्या आसपास. विजेच्या मोटारीची किंमत अधिक असते; म्हणून जो रोज चिखलीस किंवा खामगांवास जाऊन येतो त्याचा स्वार्थ साधतो, आठवड्यांतून एकदां देवदर्शनास निघणाऱ्याचा सहसा साधत नाहीं.

परमार्थाचा हिशेब अधिक अवघड आहे. एक लिटर पेट्रोल जाळलें कीं सुमारें 2.3 किलो कार्बन डाय-ऑक्साइड वायु निघतो. म्हणजे किलोमीटरला सुमारें 145 ग्रॅम. वीज सर्वस्वीं कोळशाची असेल तर युनिटामागें जवळजवळ एक किलो वायु निघतो, आणि विजेच्या मोटारीचा आंकडाहि तेवढाच येतो! देशांत जल, वारा, सूर्य व अणु यांचीहि वीज मिसळते. त्या सरासरीनें हा आंकडा 110 ग्रॅमांच्या आसपास उतरतो. तेल काढून शुद्ध करतांना होणारा धूर पेट्रोलच्या बाजूला आणि बॅटरी घडवितांना होणारा धूर विजेच्या बाजूला मांडावा लागेल, तो निराळाच.

बुलढाणा जिल्ह्याच्या पूर्वेस अकोला जिल्ह्यांत पारस येथें आणि पश्चिमेस भुसावळजवळ दीपनगर येथें अशीं दोन मोठीं औष्णिक विद्युत्केंद्रें आहेत. दोन्ही कोळशावर चालतात. खामगांवच्या बाजारांतून मोटारीचा धूर नाहींसा झाला म्हणजे तो जगांतून नाहींसा झाला असें नव्हे; त्याचा कांहीं भाग अशाच चिमण्यांतून बाहेर पडतो आणि राख आसपासच्या शेतकऱ्यांच्या वांट्यास येते. आपली हवा शुद्ध करून दुसऱ्याची बिघडविणें यास परमार्थ म्हणतां येणार नाहीं. उलट त्याच मोटारीस दुपारीं घरच्या छपरावरील सूर्यविजेनें भरलें, तर चालतांनाचा तिचा धूर जवळजवळ शून्यावर येतो. मोटार तीच, मालक तोच. पण वीज कोठून येते यावर पुण्य ठरतें.

म्हणून विजेची मोटार घेणाऱ्यास ढोंगी म्हणणें जितकें अन्यायाचें, तितकेंच त्यास पुण्यवान म्हणणें उतावीळपणाचें होईल. त्यानें पैसे वांचविण्यासाठीं ती घेतली असेल तर त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं; कापसाच्या लोभानें आलेल्या आगगाडीचा लाभ आपण दीडशें वर्षें घेतच आहों. परंतु हवेच्या कळवळ्यानें ज्याचें मन खरोखर द्रवतें, त्याचें काम मोटार विकत घेऊन संपत नाहीं. त्यास पारसच्या राखेविषयीं विचारावें लागेल, छपरावर सूर्यपत्रे बसवावे लागतील, आणि ज्यांना कसलीच मोटार परवडत नाहीं त्यांच्या एस. टी.चाहि विचार करावा लागेल. राज्यांतील पहिली एस. टी. 1 जून 1948 रोजीं पुण्याहून नगरास गेली. 1 जून 2022 रोजीं त्याच रस्त्यावर विजेची एस. टी. धांवली. एका मोटारींत चार-पांच माणसें बसतात, एस. टी.त चाळीसांहून अधिक. खामगांवाहून जालन्यास जोडणारी आगगाडी तर शंभर वर्षांहून अधिक काळ चर्चेंतच आहे. ती झाली तर घाटावरच्या कित्येक कुटुंबांना मोटार पेट्रोलची घ्यावी कीं विजेची, हा प्रश्नच पडणार नाहीं.