काचेच्या पाठीवरची रेघ



बारामतीत कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. पन्हाळ्यास १७२९ साली जन्मलेले मोरोपंत या नाईकांच्या आश्रयाला आले, बारामतीतच राहिले आणि १७९४ मध्ये तिथेच निवर्तले. पंतांनी एकशे आठ रामायणे रचली, असे परंपरेने सांगतात. कोणी म्हणेल, कथा एकच. मग इतक्यांदा सांगायची कशाला? पण त्यांचे निरोष्ठ रामायण पाहा. ओठाला ओठ लावून उच्चारायची प, फ, ब, भ, म ही अक्षरे त्यात वर्ज्य. म्हणजे रामाची कथा सांगायची आणि ‘राम’ हा शब्दच लिहायचा नाही! अशी अट पडली की उसने शब्द कामाला येत नाहीत. आपले आपणच शोधावे लागतात.

पंतांच्याच शतकात अशीच अवघड अट असलेली एक कला आपल्या मुलखात आली. ती म्हणजे काचेवरची चित्रकला. चीनच्या कँटन बंदरात काचेवर रंगवलेली चित्रे व्यापाऱ्यांबरोबर पश्चिम किनाऱ्याला उतरू लागली. पुढे आपले चितारीही हे काम शिकले. कृष्ण, गणपती, रामपंचायतन, सरदार, नटलेल्या स्त्रिया असे आपले विषय काचेवर आले.

हे चित्र काचेच्या मागच्या बाजूने काढायचे आणि पुढून पाहायचे. त्यामुळे सगळा क्रम उलटा. कागदावर आपण आधी मोठे रंग भरतो; डोळे, दागिने शेवटी काढतो. काचेवर डोळ्याची बाहुली आणि नथीतला मोती आधी, अंगाचा रंग नंतर आणि मागची भिंत की आभाळ, ते सर्वांत शेवटी. उजवे-डावेही उलटे. डाव्या सोंडेचा गणपती हवा असेल तर काढताना सोंड दुसरीकडे वळवायची. विसरलात, तर उजव्या सोंडेचा झालाच म्हणून समजा!

कागदावरची चूक वरून रंग देऊन झाकता येते. काचेवर पहिली रेघ शेवटपर्यंत पुढेच राहते. म्हणून काचेखाली एकच नमुना ठेवून दोघांनी चित्र काढले, तरी दोघांचा हात वेगळा ओळखू येतो. परंपरा नमुना देते. रेघ मात्र ज्याची त्याची.

मग ही कला मागे का पडली? राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. छापील देव स्वस्त झाले आणि गोरगरिबांच्या भिंतीपर्यंत पोहोचले. हा त्याचा मोठा गुण. पण घरोघरी लक्ष्मीचा चेहरा एकच झाला आणि चिताऱ्याचे काम कमी होत गेले.

उरलेली काही काचचित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहायला मिळतात. हा संग्रह करणारे दिनकर केळकर स्वतः कवी. ‘अज्ञातवासी’ या नावाने लिहीत. जुन्या चिताऱ्यांपैकी बहुतेकांची नावे आज आपल्याला ठाऊक नाहीत. त्या अज्ञातांची जपणूक एका ‘अज्ञातवासी’ने करावी, हा योगायोग गोडच म्हणायचा.

गुरुजनहो, एक विनंती. जुन्या तसबिरीची काच काढा, कडांना कागद चिकटवा आणि मुलांच्या पुढे ठेवा. विषय आपल्या गावचा द्या. इंदापूर तालुक्यात पळसदेवचे जुने देऊळ आहे. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले आणि ते पाण्यात गेले. भीमेचे पाणी ओसरले की त्याचे शिखर वर येते. तेच मुलांना काढू द्या. आधी शिखर, मग पाणी, सर्वांत शेवटी आभाळ. एखाद्याची रेघ वाकडी गेली तर लगेच पुसू नका. काच पालथी करून सर्वांनी मिळून पाहा. कोणाचे देऊळ बुडताना दिसेल, कोणाचे वर येताना दिसेल. देऊळ एकच; पण ज्याने त्याने पाहिलेले वेगळे. तो फरक शिक्षकाने जपला, तर मुलाला आपला हात सापडतो.