बिडाचा तवा भिंतीवर

हल्ली खालापूर-कर्जतकडे मुंबईकरांचे शनिवार-रविवारचे बंगले उभे राहिलेत. त्यातल्या काहींच्या स्वयंपाकघरात भिंतीवर ओळीनं बिडाचे तवे, कढया, वर एक लोखंडी खलबत्ता. देखावा असा, की पाहुण्याला वाटावं, आत आजी घावनं काढतेय. आत शिजत असतात दोन मिनिटांच्या शेवया!

बीड म्हणजे ओतीव लोखंड. मराठवाड्यातल्या जिल्ह्याशी त्याचा संबंध नाही, विडीशी तर नाहीच. लोखंडात दोन ते चार टक्के कार्बन गेला, की ते बाराशे अंशांच्या आसपास वितळतं नि साच्यात ओतता येतं. स्वभाव मात्र ठिसूळ होतो. पडलं तर वाकत नाही, सरळ तुटतं. काही घरांतल्या थोरल्या काकांसारखं.

चिनी लोकांना ही विद्या ख्रिस्तापूर्वी पाचव्या शतकात साधली होती. इंग्लंडात अब्राहम डार्बीनं १७०७ साली वाळूच्या साच्यात भांडी ओतण्याचं पेटंट घेतलं आणि १७०९ साली कोकवर लोखंड गाळून दाखवलं. म्हणजे जिला आपण औद्योगिक क्रांती म्हणून नमस्कार करतो, तिची एक वीट पातेल्याखालची आहे.

आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होईल, अशी शेतकऱ्यांना धास्ती पडली. घरी भाकरीला लोखंडी तवा चालतो, शेताला नांगर चालत नाही! पुढे १९१० साली कुंडल रोडजवळ किर्लोस्करवाडी वसली, नांगर घरोघर गेला, धास्ती ओसरली.

तव्याचं नशीब उलटं. १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेटला शीतकपाटाचा वायू शोधता शोधता टेफ्लॉन सापडलं, १९५६ साली फ्रान्समध्ये न चिकटणाऱ्या तव्यांची कंपनी निघाली, आणि कालांतरानं आमच्याकडची बिडाची भांडी वजनावर भंगारात गेली. भंगारवाल्यानं किलोनं नेलेला तवाच 'अँटिक' होऊन नगावर परत येतो. घसारा उलटा चालण्याचं हे उदाहरण आमच्या बी. कॉम.च्या पुस्तकात नव्हतं.

साजगावात कार्तिकी एकादशीपासून बोंबल्या विठोबाची यात्रा भरते. विठोबाच्या यात्रेत सुक्या मासळीचा बाजार, हे इथंच! त्या सुक्या बोंबलाला खरा न्याय बिडाचा तवाच देतो. सावकाश तापतो, पण धरलेली धग सोडत नाही. तेल नि आच मिळत राहिली, की तेलाचा गुळगुळीत थर त्याच्यावर बसतो. टेफ्लॉननं जे कारखान्यात केलं, ते यानं चुलीवर केलं. शिवाय आंबट रस्सा लोखंडी कढईत शिजला, तर थोडं लोह पोटात उतरतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. एकट्या कढईनं तो हटणार नाही हे खरं, पण खिळ्याला टांगलेल्या कढईतून कुणाच्याच पोटात काही जात नाही.

आणि इथला पाऊस! चार महिने खिळ्यावर राहिलेला बिनतेलाचा तवा गंजून लाल होतो. मग त्याला वार्निश मारतात. तवा चकाकतो आणि स्वयंपाकातून कायमचा उठतो. बँकेत ज्या खात्यावर व्यवहार होत नाही, त्याला निष्क्रिय म्हणतात. ते पुन्हा चालू करायला अर्ज लागतो. तव्याला चमचाभर तेल पुरतं.