पोटॅशियम कुलपात गेलं तेव्हा

आमच्या वेळी आयसीयूत सिरिंज पंप नव्हते. डोपामिन चालायचं मायक्रोड्रिप सेटवर. साठ थेंबांचा एक मिली, म्हणजे मिनिटाला जितके थेंब तितके तासाला मिली. आमच्या ट्यूटर बाई नव्या मुलींना फळ्यापाशी उभं करायच्या. पेशंट ६० किलोचा, किलोमागे मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम, ५०० मिलीत २०० मिलिग्रॅम औषध, थेंब किती? ४५. उत्तर आलं की खाटेपाशी नेऊन घड्याळ लावून ते मोजायला लावायच्या. पेशंटने हात दुमडला की पुन्हा मोजा! आता पंप आहेत, पण त्यावर आकडा टाकणारं माणूसच असतं. म्हणून हे गणित सुटता कामा नये, या मताची मी आहे.

पोटॅशियम क्लोराइड मात्र गणिताला बधलं नाही. दहा मिलीची अ‍ॅम्प्यूल, आत २० मिलिइक्विव्हॅलंट. सलाइनमध्ये मिसळून तासांच्या हिशेबाने द्यायचं हे औषध थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं. आणि ती अ‍ॅम्प्यूल दिसायला डिस्टिल्ड वॉटरसारखी, ठेवलेलीही त्याच ट्रेमध्ये. आम्हाला शिकवलेला उपाय एकच: लेबल तीनदा वाचा. नाइटला दोघीजणी आणि खाटा भरलेल्या, कोण वाचणार तीनदा? चुकलं की मेमो सिस्टरला. ट्रे जागच्या जागी.

अमेरिकेच्या जॉइंट कमिशनने अशा दहा मृत्यूंची छाननी केली आणि १९९८ साली रुग्णालयांना कळवलं, की हे तीव्र द्रावण वॉर्डात ठेवूच नका. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही तेच सांगितलं. आमच्याकडे अ‍ॅम्प्यूल कुलपात गेली, तिच्यावर लाल पट्टी आली. शिकवणंही बदललं. पूर्वी दुसरी सिस्टर पहिलीचा आकडा बघून मान हलवायची, सही करायची. आता तिने तो न बघता स्वतः हिशेब करायचा, मग दोन्ही जुळवायचे. माझ्या मते आमच्या धंद्यातली ही सगळ्यात मोठी सुधारणा, पंपाहूनही मोठी.

इन्सुलिनचा घोळ मात्र अजून घरोघरी आहे. आपल्याकडे मिलीला ४० युनिटची बाटली मिळते आणि १०० युनिटचीही. ४० च्या सिरिंजमध्ये १०० चं इन्सुलिन भरलं तर डोस अडीचपट जातो. घरात कुणी इन्सुलिन घेत असेल, तर बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा आजच जुळवून बघा.