चार अक्षरांचे दूध

सन १८०० च्या जानेवारीतली गोष्ट. फ्रान्सच्या दक्षिणेकडे आव्हेरों नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथील सें-सेर्नें या गावी एका रंगाऱ्याच्या परसात, ऐन थंडीत, अकरा-बारा वर्षांचे एक पोर शिरले. अंगावर सदऱ्याच्या चार चिंध्या, त्यापलीकडे काही नाही. गळ्यावर जुन्या जखमेचा वण. लोकांनी त्याच्यापुढे पाव, मांस, फळे, जे हाताला लागले ते ठेवले. त्याने सगळ्यांतून बटाटे तेवढे उचलले, विस्तवात टाकले आणि भाजले न भाजले तोच काढून तसेच गरमगरम खाल्ले. नाव विचारले, गाव विचारले, उत्तर नाही. मागून ओरडून पाहिले, मान वळेना. आदल्या दोन-तीन वर्षांत आसपासच्या रानांत हे पोर लोकांना दिसले होते, एक-दोनदा पकडलेही गेले होते, आणि प्रत्येक वेळी निसटले होते. या खेपेला मात्र ते निसटले नाही.

घराघरांत चकल्या तळल्या जात असताना आणि पोराटोरांच्या गलबल्याने कान किटत असताना मी एका न बोलणाऱ्या मुलाची गोष्ट सांगायला बसलो आहे, याचा वाचकांनी राग मानू नये. रोज पन्नास पोरांचा गोंगाट ऐकणाऱ्या मास्तराला न बोलणाऱ्या मुलाचे कुतूहल अंमळ जास्तच असते. शिवाय माझ्यापुरते त्याला एक कारणही आहे. ते ओघाने येईल.

त्याच वर्षीच्या ऑगस्टात मुलाला पॅरिसला आणले आणि मूकबधिरांच्या सरकारी विद्यालयात ठेवले. शहरात कोण गर्दी उसळली! रूसोच्या लेखनाने भारलेले ते दिवस. समाजाचा वाराही न लागलेला निसर्गाचा पुत्र आता आपल्याला रानातल्या नवलकथा सांगणार, अशी बड्या लोकांची समजूत. प्रत्यक्षात दिसले ते अंग पुढेमागे झुलवणारे, बोचकारणारे, चावणारे, कोणाच्याही डोळ्याला डोळा न देणारे एक मळके पोर. दोन-चार आठवड्यांत बघ्यांची हौस फिटली. वेड्यांच्या पायांतल्या बेड्या काढवणारा वैद्य म्हणून ज्याची कीर्ती आहे त्या फिलिप पिनेलने मुलाला तपासले आणि हा जन्मजात मंदबुद्धी आहे, यात सुधारणा व्हायची नाही, असा निकाल दिला.

तो निकाल एका तरुण वैद्याने मानला नाही. झां मार्क गास्पार इतार त्याचे नाव. वय अवघे सव्वीस. बापाने त्याला पेढीच्या धंद्यात घालायचे ठरवले होते. राज्यक्रांतीच्या धामधुमीत तो लष्करी इस्पितळात शिरला आणि शस्त्रवैद्य झाला. १८०० च्या अखेरीस मूकबधिर विद्यालयाचे वैद्यकीय काम त्याच्याकडे आले. त्याचे म्हणणे असे की हे मूल मंद म्हणून टाकले गेलेले नाही; टाकले गेले म्हणून मंद दिसते. त्याला शिकवून पाहिले पाहिजे.

शिकवणारा तो एकटा नव्हता, हे पुस्तकांतून फारसे कोणी ठसवून सांगत नाही. मुलाचे खाणेपिणे, न्हाणेधुणे, फिरवणे आणि रुसवेफुगवे मादाम गेरें या बाईंकडे होते. वर्षाला दीडशे फ्रँक त्यांना मिळत. इतार टिपणे लिही, आणि बाई मुलाला जेवू घालीत. ज्या घरी असे मूल आहे त्या घरी हा हिशेब बहुधा आजही असाच असतो.

इतारच्या टिपणांतले बारकावे मोठे मौजेचे आहेत. कानाशी पिस्तुलाचा बार काढला तर हे पोर जेमतेम दचके; पण पाठीमागे कोणी अक्रोड फोडला की गर्रकन वळे. उकळत्या पाण्यातला बटाटा हाताने काढी. बर्फ पडले की अर्ध्या कपड्यांनिशी बागेत धावे आणि मूठमूठ बर्फ तोंडात कोंबी. इतारने त्याला रोज दोन-तीन तास ऊन पाण्याच्या स्नानात बसवायला सुरुवात केली. काही दिवसांनी असे झाले की, स्वारी आधी बोट बुडवून पाहू लागली आणि पाणी कोमट निघाले तर न्हाणीत उतरेना! कातडीला ऊन-थंड कळू लागले होते. चेंडू-खेळण्यांची त्याला गोडी नव्हती, म्हणून इतारने पेले पालथे मांडून एकाखाली चेस्टनट लपवण्याचा खेळ काढला. बरोबर पेला उचलला की चेस्टनट त्याचा. पुढे चेस्टनट काढून घेतला तरी खेळ चालू राहिला. बोलण्यात ‘ओ’ हा स्वर आला की तो वळून पाही. त्यावरून त्याचे नाव ठेवले व्हिक्टर. फ्रेंच उच्चारात त्या नावाचा शेवट ‘ओ’काराने होतो.

आता दुधाची गोष्ट. व्हिक्टरला पाणी फार आवडे. इतारने तहानेच्या वेळी पेला समोर धरून पाण्याचा फ्रेंच शब्द, नुसता ‘ओ’, पुन्हा पुन्हा म्हटला. पोर तळमळले, हातवारे केले. शब्द काही फुटला नाही. मग दुधाचा शब्द घेतला. फ्रेंचमध्ये दूध म्हणजे ‘ले’. चौथ्या दिवशी व्हिक्टरच्या तोंडून खरखरीत का होईना, ‘ले’ निघाले. इतारला आनंद झाला, पण तो टिकला नाही. कारण पोर तो शब्द दूध मिळाल्यावर म्हणे. मागण्यासाठी म्हणत नसे. इतारच्या मते शब्द गरजेची खूण व्हायला हवा. हा तर नुसता हर्षाचा उद्गार! त्याने हा प्रयोग फसला असे लिहून टाकले.

मग अक्षरे आली. इतारने वस्तूंची चित्रे काढून प्रत्येकाखाली ती वस्तू लटकवायला शिकवले, पुढे चित्रांच्या जागी शब्द, आणि शेवटी सुटी सुटी अक्षरे, काही धातूची. एके दिवशी फळ्यावर ‘ले’ची चार अक्षरे मांडली (लिहिण्यात चार आहेत, उच्चारात एकच, फ्रेंचांचे शुद्धलेखन आपल्यापेक्षाही वाईट). मादाम गेरेंनी ती पाहिल्यासारखे करून व्हिक्टरला दूध दिले. मग इतारने अक्षरे उचलून व्हिक्टरच्या हाती दिली आणि दुसऱ्या हाताने दुधाचे भांडे दाखवले. त्याने ती झटकन लावली, पण उलट्या क्रमाने. इतारने बोटाने जागा दाखवल्या. शब्द जुळला, दूध मिळाले. असे पाच-सहा वेळा झाले.

आठवड्याने व्हिक्टर संध्याकाळी फिरायला निघाला. वेधशाळेच्या बागेजवळ लेमेरी नावाचे एक गृहस्थ राहत. त्यांच्याकडे त्याला दूध मिळे. निघताना त्याने कोणी न सांगता ती चार अक्षरे खिशात घातली. लेमेरींच्या घरी पोहोचल्याबरोबर टेबलावर ती बरोबर क्रमाने मांडली.

हे वाचताना मी दर वेळी थांबतो. परक्या घरात, परक्या माणसासमोर, हे पोर आपला शब्द खिशातून काढून ठेवते!

पण इतारला एवढ्यावर समाधान नव्हते. त्याला तोंडाने बोलणारा व्हिक्टर हवा होता. जीभ, ओठ, जबडा हलवण्याचे धडे एक वर्षाहून अधिक चालले. आवाज वळला नाही. मधूनमधून या सज्जनाचा तोलही जाई. पोर हट्टास पेटले तेव्हा त्याला उंच मजल्याच्या खिडकीबाहेर धरले. ते घाबरले, पांढरेफटक पडले, आणि मग रडले. एकदा तर न्यायबुद्धी जागी आहे का हे पाहण्यासाठी धडा बिनचूक केलेल्या मुलालाच शिक्षा केली. पोर हाताला कडकडून चावले आणि वैद्यमहाशय खूश झाले. माझ्या मते या दोन प्रसंगांत इतारपेक्षा व्हिक्टरच शहाणा होता.

याहून मोठी चूक मात्र त्याच आवारात रोज डोळ्यांसमोर होती. सगळे विद्यालय मूकबधिर मुलांनी भरलेले. अंगणात, जेवणघरात मुले हातांनी भरभरून बोलत. व्हिक्टर स्वतःही खुणा करी: पेला पुढे करणे, नको असलेल्या पाहुण्याची टोपी-काठी आणून देऊन त्याला दाराकडे ढकलणे! तरीही त्याला पद्धतशीर खुणांची भाषा कोणी शिकवली नाही. बोलणे म्हणजे तोंडाने बोलणे, ही इतारची गाठ त्या वेळी सुटली नाही. १८०६ साली त्याने दुसरा अहवाल लिहून हात टेकले.

इतारचा धागा तुटला नाही, एवढे सांगून पुढे जातो. त्याच्याजवळ शिकलेल्या एदुआर सेगेंने मंदबुद्धी म्हणून टाकलेल्या मुलांना शिकवण्याची पद्धत बसवली आणि ती अमेरिकेत नेली. मारिया माँटेसोरींनी या दोघांचे ग्रंथ स्वतःच्या हाताने इटालियनमध्ये उतरवून काढले, आणि १९०७ साली रोममध्ये बालगृह उघडले. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढे बोर्डीला आणि कोसबाडला ताराबाईंनी बालवाडी खेड्यापाड्यांत नेली. आपल्या बालवाडीतले पोर खरखरीत कागदाच्या ‘ग’वरून बोट फिरवते तेव्हा त्या बोटाला व्हिक्टरच्या अक्षरांचा दूरचा वारसा असतो.

व्हिक्टर स्वमग्न होता काय? हा शब्दच तेव्हा नव्हता. बाल्टिमोरच्या लिओ कॅनर या डॉक्टराने अकरा मुलांची हकीकत १९४३ साली छापली तेव्हा ही अवस्था वेगळी म्हणून ओळखली गेली. उटा फ्रिथ यांना व्हिक्टरमध्ये स्वमग्नतेची लक्षणे दिसतात. हार्लन लेन यांनी व्हिक्टरवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यांना ते मान्य नाही. पंडितांच्या या वादात पडण्याइतके माझे शिक्षण नाही. मात्र इतारचे प्रयत्न पुढे स्वमग्न मुलांच्या शिक्षणात पुन्हा पुन्हा भेटतात, चुकांसकट.

१९६० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियात इव्हार लोव्हास यांनी मुलांना शब्द शिकवायला घेतले: कामाचे लहान लहान तुकडे, बरोबर उत्तराला लगेच घासभर खाऊ, हजार वेळा तेच. कित्येक मुले बोलू लागली. पण त्याच खोलीत चापट होती, विजेचा झटकाही होता. १९६५ साली ‘लाइफ’ साप्ताहिकाने ते सचित्र छापले. १९८७ साली लोव्हासांनी जाहीर केले की आठवड्याला चाळीस तास शिकवलेल्या एकोणीसपैकी नऊ मुले सर्वसाधारण मुलांसारखी शाळेत जाऊ लागली. मुलांची वाटणी चिठ्ठ्या टाकून केलेली नसल्याने त्या आकड्यावर वाद झाला. स्वमग्न म्हणून वाढलेली काही माणसे आज स्वतः लिहितात की, आम्हाला बोलायला शिकवण्यापेक्षा इतरांसारखे दिसायला शिकवले. हे मास्तरांनी मुकाट ऐकून घ्यावे.

१९८५ साली डेलावेअरमध्ये अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी वेगळी सुरुवात केली. मुलाच्या समोर एक माणूस, हातात बिस्कीट. मुलाच्या मागे दुसरा, गप्प. मूल बिस्किटाकडे झेपावले की मागचा त्याचा हात बिस्किटाच्या चित्राकडे वळवतो, चित्र समोरच्याच्या हातात पडते, आणि बिस्कीट मिळते. “काय हवे?” असे कोणी विचारीत नाही, पहिले पाऊल मुलाचे. मग मागचा माणूस हळूहळू हात सोडतो, समोरचा दूर दूर उभा राहतो. लेमेरींच्या टेबलावरची चार अक्षरे ओळखलीत ना?

पुढे चित्राला आवाज फुटला. बटण दाबले की शब्द उच्चारणारी यंत्रे पूर्वी हजारो डॉलरची असत. २०१० साली आयपॅड आल्यावर हेच काम हातातल्या पाटीवर होऊ लागले. चेन्नईला अजित नारायणन यांनी ‘आवाज’ केले, मुंबईच्या आय. आय. टी.त ‘जेलो’ झाले. चित्रे दिली तर मूल बोलायचे ते बोलणार नाही, ही आईबापांची भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही.

एक फसगतही सांगितली पाहिजे. १९९० च्या सुमारास ऑस्ट्रेलियातून अमेरिकेत अशी पद्धत गेली की मदतनीस मुलाचा हात धरतो आणि मूल अक्षरफळ्यावर लिहिते. मुक्या मुलांनी कविता लिहिल्या, आया रडल्या. मग कोणीतरी मुलाला एक चित्र आणि मदतनिसाला दुसरेच दाखवले. उमटला तो मदतनिसाने पाहिलेल्या चित्राचा शब्द! मदतनीस लबाड नव्हते. आपला हात बोलतो आहे हे त्यांना स्वतःलाही कळत नव्हते. १९९४ साली अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने या पद्धतीला शास्त्रीय आधार नसल्याचे जाहीर केले. मदत करणाऱ्याचा हात शेवटी सुटतो की नाही, ही मेख आईबापांनी ध्यानात ठेवावी.

आता माझे कारण. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक न बोलणारा मुलगा होता. मी त्याला हट्टी समजलो आणि चार महिने मागच्या बाकावर बसवले. ते मला अजून टोचते. पुढे त्याच्या आईने चित्रांची पाटी आणली. मधल्या सुट्टीत त्याने डब्यातला लाडू संपवला आणि ‘लाडू’चे बटण दाबले. मी शिकवायच्या भरात म्हणालो, “अरे, संपला तो! आधी मागायचा असतो.” त्याने पुन्हा तेच दाबले. त्याची आई दाराशी उभी होती. ती म्हणाली, “सर, तो मागत नाहीये. आवडला म्हणून सांगतोय तुम्हाला.”

मी घरी आलो आणि इतारचे ते दुधाचे पान पुन्हा काढून वाचले.

व्हिक्टरचे पुढे काय झाले ते थोडक्यात. त्याला पॅरिसमध्येच मादाम गेरेंच्या घरी ठेवले. तेथेच १८२८ साली तो वारला. शेवटच्या वीस-बावीस वर्षांत त्याच्यावर कोणी अहवाल लिहिला नाही. मादाम गेरेंचे यजमान वारले त्या दिवसाची एक नोंद मात्र इतारने आधीच करून ठेवली होती. जेवणाची मांडामांड व्हिक्टरकडे असे. त्याने नेहमीप्रमाणे यजमानांचेही पान मांडले. बाईंना रडू कोसळले. व्हिक्टरने त्यांच्याकडे पाहिले, ते ताट उचलून कपाटात ठेवले, आणि पुन्हा कधी मांडले नाही.